दळणाच्या डब्यातून

नमस्कार श्रोतेहो. नवरा हात उगारतो, सासरचे छळतात, तेव्हा बाईनं मदत कुठे मागायची? आधी नंबर लिहून घ्या: 181. एक-आठ-एक, महिला हेल्पलाइन. जिवावर बेतलं असेल, तर 112.

आता पुण्यात धनकवडीतल्या एका गिरणीवाल्या वहिनींची गोष्ट ऐका. त्यांच्याकडे एक सून दळणाला यायची. एकटीनं बाहेर पडायची मुभा तिला फक्त दळणापुरती. एकदा डबा पुढे सरकवत ती हळूच म्हणाली, "वहिनी, गहू जरा बघून ओता." वहिनींनी हात घातला, तर तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत मुलीचा जन्मदाखला! वहिनी चकार शब्द बोलल्या नाहीत. गहू चक्कीत, पिशवी गल्ल्याखालच्या खणात. पुढच्या दळणात आधार कार्ड आलं, मग लग्नपत्रिका, मग दवाखान्यातले केसपेपर. सासू घरी पीठ चिमटीत धरून बघायची, बारीक आलंय की जाडं. डब्यातून काय निघून गेलं, ते तिला कळलंच नाही. आता म्हणे घरोघरी घरघंटी, नाहीतर पाकिटातलं पीठ. त्याच्या पोळ्या दुपारपर्यंत वातड होतात, हे माझं ठाम मत. असो.

एका सकाळी ती डब्याशिवाय आली. मुलगी कडेवर, गाल सुजलेला. वहिनींनी चक्की बंद केली, रांगेतल्या बायकांना म्हणाल्या, "आजचं दळण संध्याकाळी," आणि रिक्षा करून तिला थेट संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे घरातल्या छळाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे नेलं. टेबलावर कागद ठेवले, तेव्हा केसपेपरच्या घडीतून पीठ सांडलं.

कागद नसले तरी तक्रार करता येते बरं का. कागद नसले तरी करता येते! 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यानुसार संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून मॅजिस्ट्रेटकडे पाठवतात. मारहाणच हवी असं नाही; शिवीगाळ, पगार काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं, हाही हिंसाचारच. घर सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी नांदत्या सुनेला कायदेशीर प्रक्रियेशिवाय घराबाहेर काढता येत नाही. वकिलाच्या फीची चिंता? शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आणि शेजाऱ्यांनो, पार्किंगवरून तीन-तीन तास मीटिंग घेता, वरच्या मजल्यावर रडारड ऐकू आली की मात्र "त्यांचा घरगुती मामला"! संरक्षण अधिकाऱ्यांना तुम्हीसुद्धा कळवू शकता. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर कायद्यानं कसलीही जबाबदारी येत नाही.

ताई, तुमचा मोबाईल घरात कुणी तपासत असेल, तर शेजारणीच्या फोनवरून लावा. एक-आठ-एक.