मळीच्या पोटात

[काळ्या रानात पांढरी फक्की. मागे नदी.]

हे रान पंचगंगेच्या काठचं. या जमिनीला मळी म्हणतात. पुरामागून पूर आले आणि नदीनं थरावर थर टाकत ही माती इथे साठवली. उसाला अशी जमीन शोधून सापडायची नाही. यंदा खोडवा निघाला, रान मोकळं झालं आणि घरासाठी फक्की मारून झाली. आता गवंडी पहार घालतायत. आवाज ऐका.

[पहारेचा घाव. पुन्हा एकदा.]

"वाजतंय की. घट्ट हाय."

आपल्याकडे पाया असाच ठरत आला, आणि पहार सांगते ते खरंच असतं. पण ती सांगते वरच्या हात-दीड हाताचं. मे महिन्यात काळी माती वाळते, भेगाळते आणि भाजल्या विटेसारखी कडक होते. त्या कवचाखाली काय दडलंय ते पहारेला कसं कळणार? पायावर घराचा भार येतो तो मात्र खालच्या थरांपर्यंत जातो.

[रिग उतरवताना. अँकर जमिनीत पिळताना.]

हे यंत्र जमिनीत एक शंकू दाबतं. दाबायला जोर लावला की यंत्रच वर उचललं जाणार, म्हणून आधी चारही बाजूंना हे पिळाचे अँकर जमिनीत रुतवायचे. वाळलेल्या कवचातून ते घालताना माणसांना घाम फुटलाय. सकाळचा निम्मा वेळ यातच गेला.

[शंकू हातात. अगदी जवळून.]

हा तो शंकू. टोकाचा कोन ६० अंश. जाडी ३५.७ मिलिमीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ बरोबर १० चौरस सेंटिमीटर. १९३२ साली हॉलंडमध्ये बारेंटसेन नावाच्या इंजिनिअरनं गॅसच्या पाइपातून लोखंडी सळई घालून असाच शंकू मऊ जमिनीत हातानं दाबला होता. त्या देशाची बरीचशी जमीनही नद्यांनी आणलेल्या चिखलमातीची. माप तेव्हापासून तेच राहिलं, आत मात्र आता विजेवर चालणारे सेन्सर आले. टोकाला किती विरोध होतो ते एक मोजतो. वरच्या या गुळगुळीत नळीला माती किती घासते ते दुसरा. आणि ही जी बारीक कडी दिसते, तिच्यातून मातीतल्या पाण्याचा दाब कळतो.

"मामा, जरा मागं सरा."

[जॅक सुरू. रॉड खाली जाताना.]

वेग बघा. सेकंदाला २ सेंटिमीटर. एक मीटरचा रॉड ५० सेकंदांत आत जातो, मग दुसरा जोडायचा. हा वेग जगभर हाच ठेवतात, त्यामुळे कोल्हापुरातलं वाचन दुसरीकडच्या वाचनाशी ताडून बघता येतं. शिवाय चिकणमातीतलं पाणी इतक्या वेळात निसटू शकत नाही. पाणी आत कोंडलेलं असताना माती जेवढा जोर धरते, तेवढीच तिची खरी ताकद धरायची, कारण घराचा भार चढतो तेव्हाही हे पाणी लगेच बाहेर पडत नाही.

[लॅपटॉपचा पडदा. दोन रेषा खाली उतरतायत.]

लाल रेषा टोकाच्या विरोधाची. सुरुवातीला ती उजवीकडे लांब गेली आहे. हे ते वाळलेलं कवच, पहार ज्यावर वाजली ते. दीड मीटरनंतर रेषा डावीकडे ओढली जाते आणि चार मीटरच्या आसपास जवळजवळ कडेलाच चिकटते.

इथे थांबूया. वाचन आहे चौरस सेंटिमीटरला ५ किलो. टोक १० चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे ५० किलो झाले. एक सिमेंटची गोणी ठेवावी एवढ्या भारानं शंकू खाली सरकतोय. आता हिशेब. वरच्या चार मीटर मातीचा स्वतःचा दाब साधारण ०.७ किलो, तो वजा केला. उरले ४.३. त्याला १५ ने भागलं. आले सुमारे ०.२९. चौरस सेंटिमीटरला एवढे किलो, ही या थराची कातर सोसायची ताकद, म्हणजे मातीचा एक भाग दुसऱ्यावरून घसरण्याआधी ती किती जोर सोसते ते. हा १५ चा आकडा दगडावरची रेघ नव्हे. माती बदलली की तो १० पासून २० पर्यंत कुठेही जातो. म्हणून त्याच थराचे नमुने काढायचे, चार पात्यांचा व्हेन त्यांत फिरवून ताकद मोजायची आणि आपल्या मातीचा आकडा पक्का करायचा.

निळी रेषा पाण्याच्या दाबाची. चिकणमातीत ती फुगत जाते. मध्येच एका जागी ती झपकन खाली आली बघा. तिथे वाळूची पट्टी आहे, पाण्याला वाट मिळाली.

[नळीतून मातीचा गाभा बाहेर. तारेनं उभा चिरताना.]

आणि ही ती पट्टी. काळी चिकणमाती, तिच्याखाली राखाडी, मधोमध नखाएवढ्या जाडीची वाळू. राखाडी भागात बोट सहज रुततं. खिशात मावणारा हा छोटा पेनेट्रोमीटर खुणेपर्यंत दाबला तर त्याचा काटा जेमतेम हलतो.

आपल्याकडे जास्त चालते ती हातोड्याची चाचणी. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडायचा, पहिले १५ सेंटिमीटर सोडायचे आणि पुढच्या ३० ला किती ठोके लागले ते मोजायचं. मुरमात आणि वाळूत ती उपयोगाची आहे. पण ती सहसा दर दीड मीटरला घेतात, आणि मधला हातभर मऊ थर दोन वाचनांच्या मध्ये निसटून जातो. मऊ चिकणमातीत तर दोन-तीन ठोक्यांतच काम होतं, त्यावरून ताकद काय ठरवणार? शंकू वाटेतला एकही थर सोडत नाही. मऊ थरांमध्ये एखादा पातळ कडक थर असला तर मात्र शंकू त्याला आहे त्याहून कमी दाखवतो, कारण खालचा मऊपणा त्याला आधीच जाणवलेला असतो. आलेख वाचणाऱ्यानं हे ध्यानात ठेवायलाच हवं.

आमचं म्हणणं एवढंच आहे की नदीकाठी घर बांधायचं, तर फक्की मारायच्या आधी हा आलेख हातात हवा. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरानंतर या पट्ट्यात पुन्हा बांधकामं उभी राहिली.

[भिंतीवरची तिरकी भेग. निवेदन नाही.]

सव्वासहा मीटरवर शंकू मुरमाला टेकला. जॅकचा काटा चढला, रॉड थरथरला. बास.

रॉड एकेक करून वर येतायत, फडक्यानं पुसले जातायत. खालून आलेल्या रॉडची माती ओली आणि राखाडी आहे. या भोकात आता बेंटोनाइटची, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीची लापशी भरतील, म्हणजे पुराचं पाणी इथून सरळ खाली उतरणार नाही.

[रिग फक्कीच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे ओढताना.]

नदीनं टाकलेला थर सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. हा कोपरा नदीकडचा, पहिल्यापासून ११ मीटरवर. अँकर पुन्हा पिळले, शंकू पुन्हा आत गेला. लाल रेषा याही वेळी दीड मीटरनंतर डावीकडे ओढली गेली. पहिल्या कोपऱ्यात मऊ थर ४० सेंटिमीटरचा होता. इथे रेषा कडेला चिकटली ती एक मीटरभर तशीच राहिली.

[घरमालक पडद्याकडे बघतायत.]