एक पुस्तक, दोन चित्रकार

श्रोतेहो, नमस्कार.

मुलांचं ३२ पानांचं पुस्तक आहे. छापखान्याची तारीख ठरलीय आणि निम्मी चित्रंही झालेली नाहीत. अशा वेळी चित्रकार आपल्या मित्राला फोन लावतो, "येतोस का मदतीला?" तो येतो. मग बहुतेक जण काय करतात? सोळा पानं तुझी, सोळा माझी. वाटणी सोपी असते. पण मी ठामपणे सांगते, वेळ कमी असेल तर पानं वाटू नका, कामाचे टप्पे वाटा.

दोघांची रेघ कधीच सारखी नसते. एकाची बारीक, तुटक, तर दुसऱ्याची जाड आणि वाहती. गोष्टीतली मुलगी सहाव्या पानावर टपोऱ्या डोळ्यांची असते, सातव्यावर डोळ्यांच्या जागी नुसते दोन ठिपके. मोठी माणसं पान उलटतील, मूल मात्र लगेच विचारेल, "ही कोण?" मग निम्मी चित्रं पुन्हा काढा. वाचवलेला वेळ तिथेच संपला.

त्यापेक्षा सगळं रेखाटन एकाने करावं आणि सगळं रंगकाम दुसऱ्याने. पहिली चार-पाच रेखाटनं हाती आली की रंगकाम सुरू होतं, आणि दोघंही रिकामे बसत नाहीत. ही रीत जुनीच आहे. अकबराच्या चित्रशाळेत एकेका चित्रावर दोघं-तिघं काम करत. अकबराच्या कारकिर्दीचा सचित्र इतिहास असलेल्या अकबरनाम्याच्या कितीतरी पानांखाली रेखाटन कोणाचं, रंग कोणाचे, याची नोंद आहे. काही ठिकाणी चेहरे काढणाऱ्याचं नाव वेगळं लिहिलंय. त्या चित्रशाळेतल्या बसावनसारख्या नामवंताने रचना करावी आणि रंग दुसऱ्याने भरावेत, असंही होई.

मात्र पहिला ब्रश उचलण्याआधी एक तक्ता करा. घाई असली की हाच टाळला जातो, म्हणून आग्रहाने सांगते. मुलगी समोरून, बाजूने आणि पाठमोरी काढा. वेणी कोणत्या खांद्यावर, फ्रॉकला खिसा आहे की नाही, तिची उंची आईच्या कमरेपर्यंत की खांद्यापर्यंत, सगळं त्यात येऊ द्या. संगणकावर काम असेल तर प्रत्येक रंगाचे नेमके आकडे लिहून ठेवा. "फिकट पिवळा" म्हटलं तर दोघांच्या पडद्यावर दोन पिवळे दिसतील. रेघ आणि रंग वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे फाइलमधल्या वेगळ्या थरांवर ठेवा. आकार, ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), कडेचं ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे पान कापण्याच्या रेषेबाहेरही वाढवलेलं चित्र, हे सगळं पहिल्याच फाइलमध्ये पक्कं करा. शेवटच्या रात्री ब्लीड वाढवायचं म्हणजे प्रत्येक आभाळ पुन्हा रंगवायचं!

आणि शेवटचा शब्द कोणाचा, हेही आधीच ठरवा. मैत्री असली की हे विचारायला संकोच वाटतो. पण पहाटे दोन वाजता आभाळ निळं की जांभळं यावर वाद घालायला कोणाकडेच वेळ नसतो.

आता मानधन आणि नाव. रूबेन्स आणि थोरला यान ब्रूगेल या फ्लेमिश चित्रकारांनी १६१५च्या सुमारास आदम आणि ईव्हचं चित्र मिळून रंगवलं. माणसं रूबेन्सची, झाडं आणि प्राणी बहुतांशी ब्रूगेलचे, आणि चित्रावर दोघांच्याही सह्या आहेत. मदतीला आलेला मित्र पैशाचं स्वतःहून बोलणार नाही, तुम्हीच बोला, तेही काम सुरू होण्यापूर्वी. रेखाटन कोणाचं, रंग कोणाचे, हे पहिल्या फाइलसोबतच संपादकांना लेखी कळवा. फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं, एकदा छापून झाला की राहिलेलं नाव पुढच्या आवृत्तीतच येऊ शकतं, आणि प्रत्येक पुस्तकाची पुढची आवृत्ती निघतेच असं नाही.

नमस्कार.