सूचनाफलकावरची कोपऱ्यातली चिठ्ठी

नमस्कार, श्रोतेहो.

विद्यापीठाच्या इतिहास विभागात शिकवतो असं सांगितलं, की समोरचा हमखास म्हणतो, "तुमच्याकडं नवीन ते काय असणार? सगळं होऊन गेलेलं!" मी हसून विषय सोडून देतो. आज मात्र माइक माझ्यासमोर आहे, तेव्हा उत्तर देऊनच टाकतो.

इतिहास विभाग कुठलाही घ्या, दारापाशी सूचनाफलक असतोच. अमुक तारखेला पाहुण्या अभ्यासकांचं व्याख्यान. चर्चासत्रासाठी शोधनिबंध पाठवायची मुदत वाढवली आहे. (ती वाढतेच. वेळेवर निबंध पाठवणारा इतिहासकार मी अजून पाहिलेला नाही, आणि त्यात मीही आलो.) कुणाला पारितोषिक, कुणाची निवृत्ती. हे सगळं उभ्या उभ्या वाचून पुढं जावं. पण एका कोपऱ्यात टाचणीनं लावलेली चिठ्ठी असते, "गुरुवारी दुपारी तीन वाजता कागदवाचन". विभागात खरं काही घडत असेल तर ते तिथं.

लांब टेबलाभोवती दहा-बारा जण बसलेले. मधोमध एकच जुनं पत्र, मऊ आधारावर ठेवलेलं. पेनं दाराबाहेर, आत फक्त पेन्सिल. शाईचा एक ठिपका पडला तर तीनशे वर्षं टिकलेल्या कागदाला आपला डाग कायमचा. मग कुणीतरी दिवा अगदी कडेला, आडवा धरतं. तिरका उजेड पडला, की खरवडून काढलेल्या अक्षराची जागा खडबडीत दिसायला लागते. कागद उजेडासमोर उचलला, की कारखान्याचं जलचिन्ह उमटतं. अजून एक ओळही वाचलेली नसते आणि वाद सुरू झालेला असतो. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये जर्मन इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके हेच करायचे. मोजके विद्यार्थी भोवती घेऊन मूळ कागद तपासत बसायचे. 'सेमिनार' हा शब्द आज कुठल्याही सभेला लावतात, पण इतिहासाच्या अभ्यासात त्याचा अर्थ असा टेबलाभोवतीचा होता.

नव्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी एक कोडं घालतो. समजा, १७४० सालची दोन पत्रं आहेत. पॅरिसहून निघालेल्या पत्रावर तारीख १० मे. त्याला लंडनहून आलेल्या उत्तरावर तारीख ४ मे. उत्तर आधी, पत्र नंतर! कुणी म्हणतं लेखनिक चुकला, कुणी म्हणतं एक पत्र बनावट आहे. दोन्ही पत्रं अस्सल असू शकतात. फ्रान्सनं १५८२ मध्येच ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ती दिनदर्शिका स्वीकारली होती आणि ब्रिटन तिच्या आधीच्या, जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेलाच धरून होता. अठराव्या शतकात दोन्हींत ११ दिवसांचं अंतर होतं. म्हणजे लंडनचा ४ मे हा पॅरिसचा १५ मे. ब्रिटननं दिनदर्शिका बदलली ती १७५२ साली. त्या वर्षी तिथं २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर होता. हे कळल्यावर विद्यार्थी आधी हसतात आणि मग आपल्या वहीतल्या तारखा गुपचूप तपासायला लागतात. ते वही उघडणं मला फार आवडतं.

शब्दसुद्धा असेच फितूर होतात. युरोपात शतकानुशतकं एक दानपत्र पुढं केलं जाई. चौथ्या शतकातल्या कॉन्स्टंटाइन बादशहानं रोम आणि पश्चिमेकडचा मुलूख पोपला दिला, असं त्यात लिहिलेलं. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानानं ते ओळ न् ओळ तपासलं. त्यात रोमन दरबाराच्या वर्णनात 'क्षत्रप' आले होते. क्षत्रप म्हणजे इराणी साम्राज्यातले सुभेदार. रोमच्या बादशहाच्या पदरी ते कुठून आले? वाल्लानं त्यावरून लिहिणाऱ्याची यथेच्छ टर उडवली आहे. असे धागे ओढत त्यानं दानपत्र खोटं ठरवलं.

आमच्या धंद्यातले मोठेही फसतात, हेही सांगायला हवं. एप्रिल १९८३ मध्ये 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकानं हिटलरच्या रोजनिशा मिळाल्याचं जाहीर केलं. त्यासाठी सुमारे ९३ लाख मार्क मोजले होते. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्यासारख्या नामवंत इतिहासकारानं त्या आधी अस्सल म्हटल्या आणि मग भर पत्रकार परिषदेत शंका काढली. दोन आठवडेही झाले नाहीत तोच जर्मन पुराभिलेखागारानं निकाल दिला. अतिनील प्रकाशात कागद चमकला, कारण त्यात युद्धानंतर वापरात आलेलं उजळवणारं रसायन होतं. लिहिणारा होता कोनराड कुयाऊ, सराईत नक्कलकार. ट्रेव्हर-रोपर यांची तेव्हा फार टिंगल झाली. मला मात्र त्यांची शंकाच जास्त लक्षात राहिली. आपलाच दाखला कॅमेऱ्यांपुढं मागं घ्यायला छाती लागते.

तर श्रोतेहो, फलकावर 'खुली मौखिक परीक्षा' असं दिसलं, तर तीही चुकवू नका. चार-पाच वर्षं एका प्रबंधात मुरलेला विद्यार्थी उभा असतो, परीक्षक पाणी पितात आणि शांतपणे विचारतात, "पान अमुकवरची तळटीप. हे दप्तर तुम्ही स्वतः पाहिलंत, की दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललंत?" खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो. मार्गदर्शक खिडकीबाहेर बघतात.

बहुतेक विभागांत अशा परीक्षेला कुणीही येऊन बसू शकतं. मागच्या रांगेतल्या खुर्च्या सहसा रिकाम्याच असतात.

नमस्कार.