एकट्याचं वाणसामान: आठवड्याला किती?

(पुण्यातल्या एका वाचनालयातलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. अर्धा तास आहे, आणि समोर दोन तऱ्हेचे श्रोते आहेत. वरच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं-मुली, आणि माझ्या वयाची मंडळी. दोघांचं एक सारखं आहे. खोलीत चौघं कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेचं भाडं भरून, राहत असले तरी जेवणाचा हिशोब ज्याचा त्याचा असतो. आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं हिंजवडीच्या पलीकडे नाहीतर समुद्रापलीकडे, म्हणजे आपल्या घरीही ताट एकच. नारायण पेठेत मी अनेक वर्षं मुलांची खानावळ चालवली. आता एकटीचा स्वयंपाक करते. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

बजेट म्हटलं की लोकांना वाटतं, आता ही बाई खर्च कमी करायला सांगणार. मी त्यासाठी आलेले नाही. एकट्या माणसाच्या बजेटला वरची मर्यादा असते तशी खालचीही असली पाहिजे, आणि खालची आधी ठरवली पाहिजे. निदान इतके पैसे या आठवड्यात माझ्या पोटावर खर्च झालेच पाहिजेत, असा आकडा. घरात चार माणसं असली की कुणीतरी विचारतं, ‘जेवलास का?’ एकट्याला विचारणारं कुणी नसतं. चुकलेलं जेवण कुणाच्या डोळ्यावर येत नाही, आणि हिशोबाच्या वहीत तर ते बचत म्हणून दिसतं. महिन्याचा शेवटचा आठवडा चहा-बिस्किटावर काढणारी मुलं मी पाहिली आहेत. आणि माझ्या मैत्रिणी! ‘एकटीसाठी कुठे कुकर लावायचा?’ हे वाक्य किती जणींनी म्हटलंय, हात वर करा बरं. बघा. रात्री चहात खारी बुडवून झोपायचं, आणि मग गुडघे दुखतात, चक्कर येते म्हणून डॉक्टरांकडे जायचं. पदर खोचून शंभर माणसांचा स्वयंपाक केलेल्या बायका आहेत या. स्वतःसाठी मूठभर डाळ शिजवणं त्यांना चैन वाटते, याचा मला मनापासून त्रास होतो.

आता एका मुलाची गोष्ट सांगते. ती थोडी लांबेल, पण सगळा विषय तिच्यात आहे. परभणीकडचा मुलगा, घरी सोयाबीन आणि कापूस. खानावळ परवडत नाही म्हणून त्यानं खोलीवर स्वयंपाक सुरू केला. आईनं वहीच्या पानावर यादी करून दिली होती, सुवाच्य अक्षरात. तांदूळ ५ किलो, तूरडाळ २ किलो, मूग, मटकी, हरभराडाळ एकेक किलो, रवा, पोहे, बेसन एकेक किलो, साखर ३ किलो, तेल २ लिटर. एक तारखेला पैसे आले की मुलगा वाण्याकडे जाऊन यादी देई, आणि पिशव्या तिसऱ्या मजल्यावर चढवी. त्यात जवळजवळ सगळे पैसे संपत. भाजीला, दुधाला, फळाला काही उरत नसे. पावसाळ्यात रव्याला जाळी धरली, पोह्यांना कुबट वास आला, मटकी तशीच पडून. आणि मुलगा रात्री अभ्यासिकेतून परतताना गाडीवर भुर्जी-पाव खात होता, कारण साडेदहाला येऊन डाळ कोण शिजवणार? म्हणजे सामानही भरलेलं, बाहेरचंही खाणं, आणि वजन उतरत चाललेलं. त्याला वाटे, आपण उधळे आहोत. आईला फोनवर खरं सांगायची चोरी.

मी त्याच्या खोलीवर गेले, सगळे डबे वर्तमानपत्रावर ओतायला लावले आणि ती यादी मागितली. यादीत काही खोट नव्हती. पण ती घराची यादी होती. त्या घरात पीक विकलं की पैसा हाती येतो, म्हणून धान्य वर्षाचं भरतात. रवा भाजून ठेवणारी माणसं तिथे आहेत, तूरडाळीला एरंडेल चोळणारी आहेत, उन्हात गहू घालायला अंगण आहे. संपेल इतकी तोंडंही आहेत. आईनं मायेनं त्याच यादीला माणसांच्या संख्येनं भागलं होतं. घराच्या यादीला सहानं भागून एकट्याची यादी मिळत नाही, हे मी तुम्हाला खात्रीनं सांगते. एकट्याकडे जागा नाही, वेळ नाही, साठवणीची मेहनत करणारे हात नाहीत. त्याला सगळ्यात महाग पडते ती टाकून दिलेली वस्तू. तूरडाळ किलोमागे पाच रुपये स्वस्त मिळाली म्हणून दोन किलो घेतली आणि अर्धा किलो कीड लागून गेली, तर ती स्वस्त कशी?

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की महिना विसर, आठवडा धर. दर शनिवारी थोडकं आण. दोनेक महिन्यांत त्याच्या खोलीत दूध आलं, केळी आली, पालक आला. मग आईची यादी त्यानं घरी परत पाठवली. माउलीनं त्यावर फोन करून मला विचारलं, ‘ताई, तो नीट खातोय ना?’ तिला पैशांचं काही विचारायचं नव्हतं.

दुसरी गोष्ट बाजाराची. ही माझी तक्रार जुनी आहे आणि ती मी प्रत्येक व्यासपीठावर मांडते. आजचा बाजार एकट्याला धरून माल भरत नाही. एका मोठ्या दुकानात, नाव घेत नाही, मी शंभर ग्रॅम जिरं मागितलं. मुलगी म्हणाली, ‘मॅडम, अर्ध्या किलोचं पाकीट घ्या, त्यावर ऑफर आहे.’ अर्धा किलो जिरं मला वर्षभर पुरेल, आणि सहा महिन्यांत त्याचा वास जाईल! दोनावर एक फुकट, अमुक रुपयांच्या वर घरपोच फुकट, हे सगळं भरल्या घराला सोयीचं. मोबाइलवर दूध मागवायचं असतं, पण घरपोच देण्याचे पैसे वाचावेत म्हणून माणूस चिप्स आणि सरबताची बाटली घालून आकडा पुरा करतो. दूध आवश्यक होतं, बाकीचं वाट्याला आलं.

म्हणून एकट्यानं सुटा माल देणारा वाणी जपला पाहिजे. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे. गोणीतून मोजून दिलेल्या सुट्या डाळीवर तो नाही. पाकीटच घ्यावं लागलं तर एमआरपीशेजारी बारीक अक्षरात ग्रॅममागे किती पैसे पडतात तेही छापलेलं असतं, ते चष्मा लावून वाचा. कधीकधी लहान पाकीट मोठ्याच्या बरोबरीनं पडतं. आणि भाजीवाल्या बायका! दहा रुपयांचा मसाला द्या म्हटलं की चार मिरच्या, आल्याचा तुकडा, कढीपत्त्याची डहाळी आणि थोडी कोथिंबीर हातात येते. एकट्या माणसाचं स्वयंपाकघर त्यांना पक्कं ठाऊक आहे. लाल भोपळ्याची फोड देतात, सुरणाची देतात. कोबीचा मात्र अख्खा गड्डा घ्यावा लागतो, तिथे शेजारणीशी वाटणी करा. आपली मंडई १८८६ची, तेव्हा तिला रे मार्केट म्हणत. तिथल्या गाळ्यांवर आजही पाव किलो मागायला संकोच वाटत नाही. थंडगार दुकानात पाव किलो मागताना माणसं आवाज खाली आणतात, हे मी पाहिलंय. आणू नका. खणखणीत मागा.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. मुख्य हिशोब अजून सांगायचाच आहे, तेव्हा वह्या काढा, मी भराभर सांगते.

आधी ताट ठरवायचं, मग पैसे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २००० कॅलरींचं दिवसाचं ताट सांगितलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिली, दाणे-तीळ-सुकामेवा ३५, तेल-तूप २७ ग्रॅम. अंडी, मासे, मटण खाणाऱ्यांनी ती डाळीच्या वाट्यात धरायची. याला सातानं गुणा. धान्य पावणेदोन किलो, डाळी सहाशे ग्रॅम, भाजी २ किलो ८००, फळं सातशे ग्रॅम, दूध दोन लिटरला थोडं वर, शेंगदाणे-तीळ पाव किलो, तेल दोनशे ग्रॅमच्या आत.

आता भाव घाला. मी साधारण धरते, तुम्ही तुमच्या वाण्याचे घाला. धान्य ५० रुपये किलोनं ९०, डाळ १३०नं ८०, दूध ६०नं १२५, भाजी सरासरी ६०नं १७०, फळं ७०, तेल ३०, दाणे ३५. झाले सहाशे. चहा, साखर, मीठ, मसाल्याचे ७५ ते १०० धरा. सातशे. ही तुमची खालची मर्यादा. यापेक्षा कमी खर्च झाला तर वहीत शाबासकी लिहू नका, कुठलं जेवण चुकलं ते शोधा. वर शंभर रुपये भाव चढतील म्हणून ठेवा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीच्या पार गेला होता, आठवतंय ना? आठशे ही वरची मर्यादा. महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास. साबण, गॅस यात नाही.

हे जास्त वाटतंय का? सरकारच्या २०२३-२४च्या पाहणीत शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये होता आणि त्यातला ३९.६८ टक्के खाण्यापिण्यावर. आठवड्याला साधारण ६४० झाले. पण त्या सरासरीत पाळण्यातली बाळंही आहेत, आणि एका कढईत पाच जणांची फोडणी बसणारी घरंही. एकट्या मोठ्या माणसाचा आकडा त्याच्या वर जाणारच, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

बाहेर जेवत असाल तर वजाबाकी करा. आठवड्यात दोन वेळची चौदा जेवणं, सात नाश्ते. दुपारी पाच दिवस कँटीन असेल तर तितकं घरचं कमी, पण कँटीनचे पैसे वेगळ्या खात्यात लिहा, वाणसामानात मिसळू नका.

आता कोरडा माल. सगळा एका दिवशी नको. पाळी लावा: पहिल्या आठवड्यात तांदूळ आणि गूळ, दुसऱ्यात डाळी, तिसऱ्यात तेल, चौथ्यात पीठ आणि पोहे-रवा. दर आठवड्याचं बिल जवळपास सारखं येतं आणि डबा रिकामा होऊन धुतला जातो. भाजीतही क्रम ठेवा. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत, मग भेंडी-गवार, शेवटी दुधी, भोपळा, कोबी. कुकर लावताना दोन वेळचं वरण एकदम करा, मैत्रिणींनो; निम्मं फोडणीशिवाय फ्रीजमध्ये जाऊ द्या.

घंटा वाजली, ऐकलं मी. एकच राहिलं. सण आणि पाहुणे यांचे पैसे आठशेत घालू नका. दर आठवड्याला पन्नास रुपये वेगळ्या पाकिटात टाका, गणपतीपर्यंत पुरणाची सोय होते. आणि आकडा कायमचा समजू नका. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून बदलतो, तुम्हीही त्याच दोन महिन्यांत वाण्याकडून नवे भाव लिहून आणा. ग्रॅम तेच ठेवा, रुपये बदला. हिशोबाच्या कागदाच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत, वरच्या अभ्यासिकेतल्या मुलांसाठीही घेऊन जा. आता प्रश्न विचारा. त्या आजोबांचा हात मघापासून वर आहे, आधी त्यांना माइक द्या.