पाय टेकतात का, ते बघा

मंडळी, बारा वर्षांखालच्या मुलांना मोटरसायकलवर बसवायलाच बंदी करा, अशी मागणी होते. मागणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण आपल्या खानदेशात चोपडा-यावलच्या पट्ट्यात, नाहीतर शहाद्याहून धडगावकडे चढताना, मोटरसायकल हीच घरची गाडी असते. मूल तापाने फणफणलं की दवाखान्यात त्याच गाडीवर, मामाच्या गावाला त्याच गाडीवर, आणि एसटी चुकली की शाळेतही त्याच गाडीवर. ती बंद केली म्हणून मूल घरी बसणार नाही. ते काळीपिवळीच्या मागे लोंबकळेल, नाहीतर कापसाच्या ट्रॉलीत बसेल. तिथे हेल्मेट कोण घालणार आणि पट्टा कशाला बांधणार?

आता हातात असलेला कायदा बघू. मोटार वाहन कायद्याचं कलम 128 सांगतं की चालकामागे एकच माणूस बसेल. त्यात लहान मुलाला सूट नाही. म्हणजे नवरा, बायको आणि मांडीवरचं पोर, ही आजच ट्रिपल सीट आहे: हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित. केरळने 2023 साली वाहतुकीचे नियम मोडणारे पकडायला रस्त्यांवर कॅमेरे बसवले, तेव्हा आईबापांसोबत एक लहान मूल चालू द्या, असं केंद्राला विचारलं होतं. केंद्राने मानलं नाही. चार वर्षांखालच्या मुलांचा नियम फेब्रुवारी 2022 मध्ये निघाला आणि वर्षभराने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला डोक्याच्या मापाचं हेल्मेट, चारच्या आतल्याला चालकाशी बांधणारी पट्ट्यांची बंडी, म्हणजे हार्नेस, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. हार्नेस बांधलेलं मूल आपल्या बाजारपेठांत किती दिसतं, ते तुम्हीच आठवा. आहे तो नियम न पाळता त्याच्यावर नवी बंदी चढवली, तर तीही तशीच धूळ खात पडेल.

माझी खरी तक्रार वयाच्या आकड्याशी आहे. बारा काय आणि चार काय, गाडीला वय कळत नाही. गाडीला उंची, वजन आणि पकड कळते. चार वर्षं पूर्ण झाली की हार्नेसची सक्ती संपते. पण चार वर्षांच्या पोराला मागच्या सीटवर बसवून बघा, पाय फुटरेस्टच्या बरेच वर लोंबतात. लोंबता पाय आत सरकला की टाच स्पोकमध्ये जाते. साडीगार्ड असतं डावीकडे, तेही आपली पोरं गाडी घेतल्या घेतल्या काढून ठेवतात, कारण म्हणे गाडी उठून दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 123 मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकायला सांगतो, तो उगाच नाही. उजवीकडे तर बऱ्याच गाड्यांचं चाक उघडंच, वर तापलेला सायलेन्सर, पोटरी भाजते.

हार्नेसबद्दल नियमात एक आकडा आहे, तिकडे कोणी बघत नाही. तो 30 किलो वजन पेलेल असाच बनवायचा असतो. 30 किलो म्हणजे आपल्याकडे साधारण नऊ-दहा वर्षांचं पोर. म्हणजे कायद्याचं वय संपलं तरी पट्टा पुढे पाच-सहा वर्षं कामाचा आहे, पाय टेकेपर्यंत वापरा. बांधायचा कसा? आधी मुलाच्या अंगात बंडी घालून बकल लावा. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. मग मूल मागे बसवा आणि बंडीचे दोन्ही फासे चालकाने खांद्यांत घालून इतके ओढावेत की मुलाची छाती पाठीला टेकेल. चालकाच्या पाठीवर दप्तर असेल तर हे जमत नाही, दप्तर पुढे घ्या. हार्नेस हँडलला लटकवून गाडी उन्हात ठेवू नका. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात नायलॉन उन्हाने कमजोर होतं. आणि मूल पेंगलं, तर हार्नेस त्याला पडू देत नाही, पण मान सावरत नाही. ‘घट्ट धरी ठेव’ म्हणून भागत नाही, गाडी थांबवावी लागते.

टाकीवर मूल बसवण्याची मात्र मी बाजू घेणार नाही. समोर दिसतं म्हणून ती जागा सुरक्षित वाटते. ब्रेक लागला की मागून बापाचं साठ-सत्तर किलोचं अंग त्याला हँडलवर दाबतं, आणि पोराचा हात ॲक्सिलरेटरवर कधी जाईल, सांगता येत नाही.

हेल्मेटचं माप भुवयांच्या वरून टेप फिरवून घ्या. उन्हाळ्यात आपण आधी रुमाल गुंडाळतो आणि वर हेल्मेट चढवतो. रुमाल सरकतो, त्याबरोबर हेल्मेटही. रुमाल नाकातोंडाला बांधा, ओढणीचं टोक आत खोचा. मोठ्या माणसाचं हेल्मेट मुलाला नकोच, ते डोळ्यांवर येतं आणि मानेवर भार पडतो.

वेगाचा हिशोब सोपा आहे. ब्रेक लावायला एक सेकंद धरला आणि रस्ता कोरडा असला, तर 40 च्या वेगात गाडी साधारण 23 मीटरमध्ये थांबते, 60 ला जवळपास 45 मीटर लागतात. 40 ने आदळणं म्हणजे सहा मीटरवरून पडण्यासारखं, 60 ने आदळणं म्हणजे चौदा मीटरवरून. म्हणून 40 ची मर्यादा मला चार वर्षांच्या पुढेही हवी आहे.

फिलिपिन्सने 2015 साली कायदा केला, त्यात वयापेक्षा शरीर बघितलं. ज्या रस्त्यावर गर्दीची वेगवान वाहतूक आहे किंवा 60 पेक्षा जास्त वेगाला मुभा आहे, तिथे मूल न्यायचं तर तीन गोष्टी हव्यात: पाय फुटरेस्टवर नीट टेकावेत, हात चालकाच्या कमरेला पुरावेत आणि डोक्यावर प्रमाणित हेल्मेट असावं. अमेरिकेत वॉशिंग्टन, टेक्सससारख्या राज्यांनी पाच वर्षांची किमान मर्यादा घातली, हवाईने सात. तिथे घरोघर मोटार असते, म्हणून ते निभतं.

आपल्याकडे फिलिपिन्ससारखी अट धुळे-जळगाव महामार्गावर लावली, तर माझी हरकत नाही. फक्त ज्या गावाला महामार्गाशिवाय वाटच नाही, त्यांचं आधी ठरवा. अशा फाट्यांची यादी तालुक्याला करता येईल. तिथे हार्नेस आणि 40 चा वेग एवढी अट घालून मूल जाऊ द्यावं, आणि शाळा सुटायच्या वेळी फाट्यावर एक वाहतूक पोलीस असावा.