कुणीच न पाहिलेला पक्षी

नमस्कार श्रोतेहो.

१९५० च्या दशकात अमेरिकेत राक्षसपटांचं पेव फुटलं होतं. अणुबाँबची धास्ती ताजी होती. एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायचे, तेव्हा स्वस्त माल पटापट हवा होता. मग पडद्यावर आल्या खोलीएवढ्या मुंग्या, घराएवढे कोळी. कारणमीमांसा एवढी पुरे, कारण मला किस्सा सांगायचाय.

साल १९५७. सिनेमा ‘द जायंट क्लॉ’. निर्माते सॅम काट्झमन, पैसा वाचवण्यात पटाईत. अंतराळातून एक पक्षी पृथ्वीवर येतो, त्याच्याभोवती प्रतिद्रव्याचं, म्हणजे साध्या पदार्थाला भिडताच त्याचा नाश करणाऱ्या द्रव्याचं, कवच, तोफगोळे लागूच होत नाहीत. पक्षी केवढा? तर युद्धनौकेएवढा. हे ‘युद्धनौकेएवढा’ पात्रं इतक्यांदा म्हणतात, की आपल्यालाही पाठ होतं.

नायक होते जेफ मॉरो. आता नीट ऐका हं. चित्रीकरण चाललं होतं तेव्हा पक्षी कुणीच पाहिलेला नव्हता. दिग्दर्शक म्हणणार, वर बघा, आला! की ही मंडळी रिकाम्या आभाळाकडे बघून घाबरणार. मॉरोंच्या डोळ्यांपुढे एक डौलदार, वाऱ्यासारखा ससाणा होता. तोच मनात धरून त्यांनी जीव ओतून काम केलं.

पक्षी म्हणजे दोऱ्यांवर नाचवायची बाहुली, ती बनली मेक्सिकोत. स्वस्तात.

सिनेमा लागला, मॉरो आपल्या गावच्या थिएटरात जाऊन बसले. सुरुवात बरी गेली. लोक गंभीरपणे बघतायत. आणि मग पडद्यावर पक्षी आला. लांबलचक बोडकी मान, बटाट्याएवढे डोळे, फेंदारलेल्या नाकपुड्या, चोचीत चक्क दात, आणि डोक्यावर नुकत्याच झोपेतून उठवलेल्या काकांसारखी केसांची झुलपं! थिएटर हसून लोटपोट. पक्षी दिसला की हशा, पुन्हा दिसला की पुन्हा हशा. मॉरो खुर्चीत खाली खाली सरकत गेले. कुणी ओळखलं तर? शेवटी अंधाराचा फायदा घेऊन गुपचूप सटकले. हे सगळं त्यांनीच पुढे मुलाखतीत सांगितलंय.

मी म्हणतो, बिचारे उगाच पळाले. खाली माणसं जीव तोडून गंभीर, वर ती बाहुली. मजा तर तिथेच आहे. मॉरोंनी डोळा मिचकावून काम केलं असतं, तर हा सिनेमा आज कुणी बघितला नसता. पक्षी त्यांनी पाहिला नव्हता, हेच बरं झालं.

हल्ली संगणकावर राक्षसाचा एकेक खवला रंगवतात. रंगवोत. माझी तक्रार वेगळीच आहे. मध्यंतरात बटाटेवडा मिळायचा, तिथे आता बादलीभर मक्याच्या लाह्या देतात, त्याही सोन्याच्या भावात. असो.

वेळ संपत आली, तरी ऑक्टोपसचं सांगतोच. ‘इट केम फ्रॉम बिनीथ द सी’, १९५५. रे हॅरीहाउझन यांनी बाहुलीला एकेका चौकटीसाठी जरा जरा हलवून चित्रीकरण केलं. आठ बाहूंना पैसे पुरेनात, म्हणून सहाच केले. बाकीचे पाण्याखाली आहेत असं आपण समजायचं. पुढच्या वेळी बघाल तेव्हा मोजा. मी मोजले होते, आणि तरीही त्यानं सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला विळखा घातला तेव्हा दचकलो.

नमस्कार.