99 टक्के आले? आधी इनपुट दाखवा

"सर, अ‍ॅक्युरसी 99 टक्के आली, पुढं काय?" बी-एस नावाच्या कणाचे खरे नमुने मशीन लर्निंगनं भेसळीतून वेगळे कसे काढायचे, त्या मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंटी ह्याच. भावांनो, पुढचं सोडा, आधी मशीनला खाऊ काय घातलं ते सांगा.

मूळ प्रकार झटक्यात उरकू. एलएचसी म्हणजे प्रोटॉनच्या टकरी घडवणारं यंत्र. त्यात बी-एस कण तयार होतो, दीड पिकोसेकंद जगतो, सेंटिमीटरभर जातो आणि अब्जात तीन-चार वेळा फुटून नुसते दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) देतो. तसेच दिसणारे भलतेच दोन म्युऑन म्हणजे भेसळ, ती मशीननं ओळखायची. खरे नमुने सिम्युलेशनमधले, भेसळीचे नमुने खऱ्या डेटातले. मात्र 5367 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या, म्हणजे बी-एसच्या वस्तुमानाच्या, आसपासचा पट्टा झाकून, त्याच्या दोन्ही बाजूंचे. मशीन म्हणजे एक्सजीबूस्ट, हो-नाही प्रश्नांच्या छोट्या झाडांची (ट्री) फौज, झाडाची खोली 3-4. झालं.

घोळ इथंच आहे. खरे सगळे 5367 जवळ, भेसळ सगळी लांब. वस्तुमान इनपुटला दिलं की मशीन दुसरं काही शिकतच नाही. समजा, कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गूळबाजारात नव्या पोराला गूळ पारखायला बसवलं. चांगला गूळ सगळा 10 किलोच्या रव्यात (ढेपेत), भेसळीचा 5 नाहीतर 30 च्या. तो चाखेल कशाला? काट्यावर ठेवेल! उद्या भेसळीचा 10 किलोचा रवा आला की पास. पास झालेल्यांच्या वस्तुमानाच्या तुमच्या आलेखात 5367 ला उंचवटा दिसतो तो असाच, निव्वळ कचऱ्याचा.

"आम्ही वस्तुमान काढून टाकलंय," असंही कुणीतरी लिहिलंय. आणि दोन्ही म्युऑनचे संवेग, मधला कोन? ठेवलाय ना! त्या तिघांतून वस्तुमान निघतं, ट्रीला तेवढं कळतं. काटा लपवला, पण रव्याची लांबी-रुंदी-उंची मोजून दिली, त्यातली गत.

द्यायचं काय? दोन रेषा एका बिंदूत किती नीट जुळतात, तो बिंदू टकरीच्या जागेपासून किती लांब, कणाची दिशा टकरीकडं रोखलेली आहे का, म्युऑनच्या आजूबाजूला किती गर्दी.

मग तपासा. ट्रेनिंगला न वापरलेली बाजूची भेसळ घ्या, 50-50 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे कप्पे पाडा, प्रत्येकातले किती टक्के पास झाले ते मांडा. झाकलेल्या पट्ट्याकडं जाताना दोन्हीकडून टक्का चढत असेल, तर वस्तुमान कुठून तरी आत झिरपतंय. रेष सपाट हवी.

सिम्युलेशनवरही डोळे झाकून भरवसा नको. एलएचसीबी ह्या एलएचसीवरच्या प्रयोगातले लोक मशीनचा स्कोअर बी-शून्य ह्या बी-एसच्या भावंडावर ताडून बघतात, तो केऑन आणि पायऑन अशा दोन कणांत फुटतो तेव्हा. ठेवण तीच, आणि नमुने भरपूर.

99 वाल्यांनी तो कप्प्यांचा आलेख पाठवा. अ‍ॅक्युरसीचा स्क्रीनशॉट नको.